युनिसायकलवर बासरी वाजवताना ठरावीक जागीच पडतो, कुणाला असा अनुभव?

कृष्णाकाठचा वेळू (सांगली)

नमस्कार मंडळी,

इथे सायकलवालेही आहेत आणि शास्त्रीय संगीत शिकणारेही आहेत. माझा प्रश्न दोन्हींच्या मधला आहे, म्हणून इथेच विचारतो.

मी हळदीच्या अडतीवर हिशेबाला आहे. बासरी पाच वर्षं शिकतोय, मिरजेला गुरुजींकडे, आठवड्यातून दोनदा. युनिसायकल, म्हणजे एकचाकी सायकल, घेऊन नऊ महिने झाले. २० इंची चाक, १२५ मिलिमीटरचे क्रँक (पायडलचे दांडे). रोज पहाटे साडेपाचला घराजवळच्या शाळेच्या मैदानावर तासभर चालवतो. पहिले तीन आठवडे भिंत धरूनच गेले. आता न थांबता किलोमीटरभर जातो, आधाराशिवाय दहातले सात वेळा चढता येतं. जागच्या जागी पुढे-मागे झुलणं मात्र अजून चार-पाच हेलकाव्यांच्या पुढे जात नाही.

आता चालवता चालवता बासरी वाजवायची आहे. माझे आजोबा तरुणपणी एका सर्कशीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तंबूतल्या एकचाकीवाल्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते आता ८४ वर्षांचे आहेत. मी युनिसायकल घरी आणली तेव्हा त्यांनी ती खाटेजवळ मागवून घेतली, चाक हाताने फिरवून पाहिलं, आऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमच्यात चालवणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा. तू दोन्ही करणार का?" मी हो म्हणून बसलोय आणि मला ते खरंच करायचंय.

अडचण अशी. बासरी नुसती हातात धरून अख्खं मैदान जातो. ओठांना लावून, न फुंकता, बोटं चालवत गेलो तरी ६० मीटर सहज जातो. फुंकायला लागलो की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे दम अर्ध्यात संपतो. बसून जो सा १८ सेकंद धरतो, तो चाकावर आठ सेकंदांत तुटतो. दुसरी म्हणजे पडतो, आणि ठरावीक जागीच पडतो.

हा भास नाही. गोलपोस्टच्या रेषेवर चाक आलं आणि उजवा पाय खाली गेला की मी गत (तालात बांधलेली वाद्यावरची रचना) सुरू करतो, भूप रागातली, मध्यलयीतली. जिथे पडलो तिथे फक्कीची चिमूट टाकत गेलो. आठ दिवसांत १४ खुणा झाल्या. टेपने मोजल्या तर नऊ खुणा १६ ते साडेसतरा मीटरच्या मध्ये आणि चार २७ ते साडेअठ्ठावीसच्या मध्ये. उरलेली एक सोडून द्या, तेव्हा कुत्रं आडवं आलं होतं. तेराही वेळा डावीकडेच गेलो. जमीन तिथे सपाट आहे. समोरच्या गोलपोस्टकडून उलटा आलो तरी अंतर तेच.

दम कसा टिकवायचा, आणि या दोन जागांचं काय करायचं?

एकचाकी (पुणे)

फक्कीच्या खुणांची कल्पना फार आवडली. अकरा वर्षं चालवतोय, पण पडण्याचा इतका नेटका हिशेब कुणी ठेवलेला पाहिला नाही.

आधी दमाचं बघू. शिकताना आपण सगळे पोट आवळून धरतो आणि नऊ महिन्यांत ती सवय जात नाही. पोट आवळलेलं असलं की श्वास छातीच्या वरच्या भागातच घेतला जातो, मग बासरीला हवा कुठून मिळणार? याची परीक्षा सोपी आहे. बासरी घरी ठेवा आणि चालवताना मोठ्याने आकार लावा, म्हणजे षड्जावर (सा वर) लांब 'आ' गा. आवाज सरळ आला तर वजन सीटवर आहे. प्रत्येक पायडलला आवाज हिंदकळला तर तुम्ही अजून पायांवर उभे आहात. युनिसायकलला फ्रीव्हील नसतं, चाक फिरलं की पाय फिरणारच. त्यात वजन पायांवर असलं की खाली जाणारा पाय ढकलतो आणि वर येणारा त्याच वेळी अडवतो. निम्मी ताकद आपल्याच दोन पायांच्या भांडणात जाते, दमही तिथेच जातो.

सीटही तपासा. टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट यापेक्षा दोन बोटं खाली असते. दांड्याची पकड सैल करून तेवढी वर घ्या, आकार लगेच मोकळा होतो.

आता डावीकडे पडणं. बासरी तुमच्या उजव्या हाताला जाते, म्हणजे मान थोडी डावीकडे वळलेली असते. युनिसायकल नजरेच्या मागे जाते. नजर डावीकडे असेल तर चाक हळूहळू डावीकडे ओढ घेणारच. मोबाईल गोलपोस्टला बांधून समोरून चित्रण करा, म्हणजे दिसेल. मान वळवू नका, त्याऐवजी खांदे उजवीकडे वळवून बसा. मग तोंड सरळ समोर राहतं. नजर १०-१५ मीटर पुढे ठेवा.

आणखी एक. हात मोकळे असतात तेव्हा कंबर एका बाजूला वळली की हात आपोआप उलट बाजूला जातात आणि चाक पडत्या अंगाखाली येतं. बासरी ओठाला लावली की ही सोय गेली, कारण डोकं, दोन्ही खांदे आणि बासरी यांचा एकच ठोकळा होतो. जरा खांदा हलला की फुंकर भोकावरून घसरते. म्हणून तो ठोकळा तसाच स्थिर राहू द्यायचा आणि वळायचं ते फक्त कंबरेखालून. ७५ सेंटीमीटरची काठी बासरीसारखी धरा, एक टोक गालाला टेकवा आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा. काठी गालावरून हलली नाही पाहिजे. मला हे जमायला दीड महिना लागला होता.

ठरावीक अंतराचं मात्र मलाही कोडं आहे. तुमच्या चाकाचा घेर साधारण १.६ मीटर. पहिल्या खुणांचा मध्य १६.८ धरला तर साडेदहा फेरे होतात. दुसऱ्यांचा २८ धरला तर साडेसतरा. दोन्हीकडे वरचा अर्धा फेरा आहे. उजव्या पायाने सुरुवात केली असेल तर दोन्ही ठिकाणी डावा पाय खाली जात असताना तुम्ही पडताय. पण नेमके तेवढेच फेरे का, ते कळत नाही.

डग्गा (डोंबिवली)

मी सायकल चालवत नाही. तबला शिकवतो, तीस वर्षं झाली. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो.

साडेदहा फेरे म्हणजे दोन्ही पायांची मिळून २१ पावलं. साडेसतरा म्हणजे ३५. दोन्ही आकड्यांना सातने भाग जातो. बाळा, गत रूपकात, म्हणजे सात मात्रांच्या तालात, आहे ना?

कृष्णाकाठचा वेळू (सांगली)

डग्गाकाका, हो, रूपकच आहे! मी ताल लिहिलाच नव्हता. पहाटे तुमचा प्रतिसाद वाचला आणि आजोबांना उठवून वाचून दाखवला.

एका पावलाला एक मात्रा (तालाचा एक ठोका) असंच वाजवतो मी, वेगळं काही ठरवलं नव्हतं. पण मग सात पावलांवरही पडायला हवं ना? तिथे एकही खूण नाही.

एकचाकीदादा, आकार लावून पाहिला. पायडलगणिक हिंदकळतो. सीट दोन बोटं वर घेतली, आज थोडा कमी हिंदकळला.

डग्गा (डोंबिवली)

सात पावलांवर पडत नसशील, पण हबका बसत असेल. उद्या लक्ष देऊन बघ. पहिल्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पहिल्या फेरीला, तुझं मन अजून पायात असतं, म्हणून सावरतोस. तिसरं संपेपर्यंत मन वाजवण्यात गेलेलं असतं.

आता नीट ऐक. दादरा सहाचा, केरवा आठचा, झपताल दहाचा, त्रिताल सोळाचा. सगळे दोनने भाग जाणारे आकडे. एका पावलाला एक मात्रा धरलीस आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, उजव्या पायावर घेतलीस, तर या तालांत प्रत्येक आवर्तनाची सम उजव्याच पायावर येणार. रूपक सातचा आहे. पहिली सम उजव्यावर, दुसरी डाव्यावर, तिसरी उजव्यावर, चौथी डाव्यावर. तुझ्या खुणा चौथ्या आणि सहाव्या समेच्या आहेत, दोन्ही डाव्या पायाच्या. समेवर वजन टाकायची आपल्याला सगळ्यांनाच सवय असते. जमिनीवर बसून पायाने ताल धरतोस तेव्हाही समेला पाय जोरात पडतो. उजवा पाय तो जोर पेलतो. डाव्या पायाने तोच जोर दिला की चाकाला हिसका बसतो, आणि मान तर आधीच डावीकडे आहे, असं एकचाकी म्हणतायत.

पण याच्याही आधीची एक चूक मला दिसते, आणि ती सायकलीची नाही. रूपकाचा ठेका म्हण बरं. तीं तीं ना, धी ना धी ना. समेवर काय आहे? काल आहे. खाली आहे, म्हणजे जोर नसलेली मात्रा. बाकीच्या तालांत सम भरीची असते, रूपकात सम हीच खाली. तबलजी तिथे डग्गा घुमवत नाही, सगळा भार चौथ्या मात्रेच्या धीला येतो. तू मात्र समेला त्रितालाच्या समेसारखा आदळतोयस. गुरुजींनी हे सांगितलं असणार, हाताला ते माहीत असणार, पायाला माहीत नाही. सम हलकी घे. पाय उचलल्यासारखी घे.

आणि एवढ्यावर थांबू नकोस. तुझं हे एका पावलाला एक मात्रा प्रकरण मला पुढे टिकणारं वाटत नाही. एकचाकींना विचारतो: तोल सावरायला पायांचा वेग कमी-जास्त करावाच लागतो ना?

एकचाकी (पुणे)

करावाच लागतो, काका. पुढे झुकलो तर चाक पटकन पुढे न्यायचं, मागे झुकलो तर दाबून धरायचं. फिक्स चाकावर दुसरा उपायच नाही. कितीही मुरलेला चालवणारा असला तरी त्याचे सलग दहा फेरे एका वेगाने होत नाहीत.

तुम्ही समेचं सांगितलंत ते वाचून मी आज पाषाणच्या टेकडीवर रूपक मोजत गेलो. डाव्या पायावर सम आली की माझंही हँडल नसलेलं चाक किंचित फिरतं. अकरा वर्षांत हे कधी जाणवलं नव्हतं.

डग्गा (डोंबिवली)

मग झालं. मात्रा पायाला बांधली की दोनच वाटा उरतात. पाय तोल सावरणार आणि लय लडखडणार, नाहीतर तू लय सोडायची नाही म्हणून पायाला सावरू देणार नाहीस आणि पडशील. वेळू दुसरं करतोय. लयीचा पक्का मुलगा आहे, म्हणून पडतोय. लय पायातून काढ आणि जिभेवर ठेव, श्वासात ठेव.

क्रम असा धर. पंधरा दिवस फक्त आलाप. ताल नाही, सम नाही, पायांना हवं ते करू दे. नुसता सा, मग रे, मग ग, एकेका श्वासाला एकेक स्वर. त्यानंतर मोबाईलवर तानपुरा आणि दादऱ्याचा ठेका लावून खिशात ठेव, आणि पायांचा वेग मुद्दाम त्या ठेक्यापेक्षा वेगळा ठेव. एक पाऊल एक मात्रा होऊच द्यायचं नाही. रूपक सगळ्यात शेवटी.

पोर्टलंडची पावसाळी (ओरेगॉन)

वेळू, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या गावात हे प्रत्यक्ष बघायला मिळतं! इथे ब्रायन किड नावाचा कलाकार आहे, युनिपायपर म्हणून ओळखतात. डार्थ व्हेडरचा मुखवटा, खाली किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा), युनिसायकलवर स्वार आणि हातात बॅगपाइप, त्यातून ज्वाळा निघतात. पोर्टलंडचं नाव काढलं की लोक आधी त्याचंच विचारतात.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ज्वाळांकडेच बघत राहिले. नंतर कळलं की त्याच्या वाद्यात एक मोठी सोय आहे. बॅगपाइपमध्ये फुंकर थेट सुरात जात नाही, आधी पिशवीत साठते आणि पिशवी डाव्या काखेत दाबली की सूर वाजतो. वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी कोपर दाबत राहतं आणि सूर चालू राहतो. छातीला हिसका बसला तरी तो पिशवीतच जिरतो. बासरीला ती पिशवी नाही. तुझ्या पोटात जे होईल ते लगेच सुरात ऐकू येणार. म्हणजे तू निवडलेलं वाद्य जास्त अवघड आहे, हे लक्षात ठेवून स्वतःला वेळ दे.

मी स्वतः युकुलेले वाजवते, २४ इंची चाकावर. वाद्य जेमतेम अर्धा किलोचं, गळ्यात पट्टा, त्यामुळे वजनाचा त्रास नाही. माझा घात होतो तो कॉर्ड बदलताना. बोटं बघायला मान खाली गेली की संपलं. दोन महिने डोळ्यांवर पट्टी बांधून घरी सोफ्यावर बसून कॉर्ड घोटले, मग बाहेर काढलं. तुला बोटं दिसतच नाहीत, हा तुझा फायदा आहे.

वाऱ्याकडे मात्र लक्ष दे. समोरून वारा आला की फुंकरीची धार भोकाच्या काठावर बसतच नाही, नुसती हवा फुसफुसते. चालण्याच्या वेगानेसुद्धा तोंडावर थोडा वारा येतोच, त्यात खरा वारा मिसळला की बासरी मुकी होते. पाठीवर वारा घेऊन चालव. सांगलीत पहाटे वारा पडलेला असतो का?

दाताची मनीषा (नाशिक)

मी दंतवैद्य आहे, संगीतातलं मला कळत नाही, पण एक सांगायलाच हवं. बासरी ओठाच्या बाहेर टेकते म्हणून त्यातल्या त्यात बरी. शहनाई, क्लॅरिनेट, शाळेतली सरळ बासरी असं जे काही तोंडाच्या आत जातं, ते युनिसायकलवर अजिबात नको. पुढे पडताना तेच टाळूत घुसतं. गळ्यातल्या स्टँडवर लावलेला माउथ ऑर्गनही नको, त्याच्या तारेला पडताना बाजूला व्हायला जागाच नसते. आणि पडताय असं वाटलं की सर्वांत आधी बासरी तोंडापासून लांब फेका. तुटली तर नवी मिळेल. हे फेकणं मुद्दाम घोटा, गवतावर, जुन्या बासरीने. हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड घालताच ना?

एकचाकी (पुणे)

मनीषाताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी माउथ ऑर्गन असाच स्टँडवर लावून वाजवायचो. सोसायटीतल्या गतिरोधकावर पडलो, तार वर सरकली आणि पुढचा दात हलला. त्यानंतर तो प्रकार बंद केला.

कृष्णाकाठचा वेळू (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. हेल्मेट आणि पॅड घालतो. मनगटाचे गार्ड घातले तर पट्टी बासरीला लागते, म्हणून ते काढून ठेवतो. बासरी फेकायचा सराव कालपासून सुरू केला. पहिल्यांदा हात उघडेचना. गुरुजींनी पाच वर्षं जे शिकवलं त्याच्या बरोबर उलट आहे हे. पावसाळीताई, पहाटे वारा अगदी पडलेला असतो. सातनंतर नदीकडून येतो.

सात पावलांवर खरंच हबका बसतो, काका. आज पकडला.

काल रात्री आजोबांशी बोलत बसलो होतो. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. सर्कशीच्या बँडवाल्यांची नजर समोरच्या कागदावर कमी आणि रिंगणात जास्त असायची. एकचाकीवाला फेरी पुरी करेपर्यंत बँडमास्तर तोच तुकडा घोळवत राहायचा, चार वेळा म्हणजे चार वेळा, नऊ वेळा म्हणजे नऊ वेळा. तो उतरून दोन्ही पायांवर उभा राहिला की झांज. चालवणारा अडखळला तर आजोबा एका लांब सुरावर थांबायचे, तो सावरला की पुढे. पण ड्रमवाल्याची लय तसूभर हलायची नाही. म्हणजे काका, तुम्ही सांगताय तेच. लय तशीच ठेवायची आणि वाजवायचं काय, ते चाकाकडे बघून ठरवायचं. मी अख्खी गत पाठ करून तशीच्या तशी पार पाडायला जात होतो. आता चार-चार स्वरांचे तुकडे करून घेतोय, कुठेही थांबता येतील असे.

डग्गा (डोंबिवली)

तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. ते माझं काम माझ्यापेक्षा चांगलं करतायत.

आणि तू सांगलीचा आहेस म्हणून आठवण करून देतो. १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे तुमच्याच भागातले. सर्कस काढायच्या आधी ते ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते, आणि पुढे खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनीच सांभाळलं. ज्या माणसाने घोडे फिरवले, त्यानेच भूगंधर्व रहिमत खाँ सांभाळले. मला लहानपणी माझ्या गुरूंनी हे सांगितलं तेव्हापासून सर्कस आणि बैठक हे मला कधी लांबचे वाटले नाहीत. तू मैदानावर आलाप करतोस याबद्दल कुणी काही बोललं तर बिनधास्त दुर्लक्ष कर.

कृष्णाकाठचा वेळू (सांगली)

पाच आठवड्यांनी लिहितोय. खुणा पुसून गेल्या होत्या, म्हणून नवीन सुरू केल्या.

पंधरा दिवस फक्त आलाप केला. पहिल्या दिवशी सा नऊ सेकंद, पंधराव्या दिवशी चौदा. आकार आता जवळपास सरळ येतो, फक्त वळणावर हिंदकळतो. आलापात एक गंमत कळली, स्वर लांब असला की पोट आपोआप सुटतं, आणि पोट सुटलं की चाकही शांत होतं. काही दिवस तर मला वाटायला लागलं की बासरीमुळे माझं चालवणं सुधारतंय.

मग दादरा. ठेका खिशात, पाय त्याहून सावकाश. हे फार जड गेलं. पाच-सहा फेऱ्यांत पाय चोरपावलांनी ठेक्याला जाऊन चिकटायचे. शेवटी गुरुजींनी युक्ती सांगितली, की चालताना आधी कर. मग घरापासून अडतीपर्यंत रोज तोंडाने दादरा म्हणत आणि पावलं वेगळी टाकत गेलो. बाजारात लोक बघायचे. चौथ्या आठवड्यात मैदानाला दोन पूर्ण फेऱ्या झाल्या, न पडता, धून न तोडता.

रूपक गेल्या रविवारी घेतला. आजोबांना रिक्षाने मैदानावर नेलं, गोलपोस्टजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकली. मी सुरू केलं. पहिली सम आली, दुसरी आली, मी मनात पाय उचलला, तिं, आणि चाक सरळ पुढे गेलं. सतरा मीटरची जागा गेली. अठ्ठावीसची गेली. समोरच्या टोकाला वळलो, तिथे एक तुकडा तीनदा घोळवला, परत आलो. आजोबांच्या समोर येऊन उतरलो. ते मांडीवर बोटांनी रूपक मोजत होते. मला म्हणाले, "परत येताना धैवत उतरला." सायकलीबद्दल एक शब्द नाही! बरोबर होतं त्यांचं. परतीच्या वाटेत मी जमिनीकडे बघत होतो, हनुवटी खाली गेली की ओठ भोकावर जास्त येतो आणि सूर उतरतो. मग त्यांनी खुर्चीवर बसूनच धैवत गाऊन दाखवला आणि मला पुन्हा पाठवलं. असे चार वेळा गेलो. चौथ्यांदा त्यांनी मान हलवली.

एक लहानशी शंका राहिली आहे. डावा पाय खाली जाताना पायडलमधून कट् असा आवाज येतो, दोन-तीन आठवडे झाले. तेल घातलं, गेला नाही. शांत आलापात तो फार टोचतो.

एकचाकी (पुणे)

वाचून अंगावर काटा आला. आजोबांना नमस्कार.

आवाजाचं म्हणाल तर ताबडतोब चालवणं थांबवा आणि क्रँकच्या आतल्या बाजूला अक्षर बघा. सीटवर बसल्यावर डाव्या हाताला एल आणि उजव्या हाताला आर यायला हवं. युनिसायकल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून जोडताना बऱ्याचदा सीट उलटी बसते. तसं झालं की पायडलचे आटे चालवता चालवता सुटत जातात. उलटी निघाली तर सीट अर्धा फेरा फिरवा, मग १५ नंबरच्या पान्याने दोन्ही पायडल घट्ट करा. एलच्या बाजूचं पायडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, ते डावीकडे फिरवून आवळतात.

कृष्णाकाठचा वेळू (सांगली)

दादा, एल उजव्या बाजूला निघाला. नऊ-दहा महिने उलटीच चालवत होतो. डाव्या पायाखालचं पायडल अर्धा आटा बाहेर आलं होतं. सीट फिरवली, दोन्ही आवळली. आज पहाटे आलाप केला, आवाज नाही.